गाडीला मानवलेलं पाणी

आमच्या जीपला शहराचं पाणी मानवत नाही, असं आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकदा जाहीर केलं आणि घरापुरता तो विषय संपला. माणसाला परगावचं पाणी मानवत नाही, पोट बिघडतं, हे मला ठाऊक होतं. जीपलाही पोट असतं हे मात्र मला कॉलेजात गेल्यावर कळलं, आणि तेही विज्ञान शाखेत शिकत असताना.

शेती वैजापूरकडं होती आणि भावाच्या व माझ्या शिक्षणासाठी औरंगाबादेत घर केलेलं होतं. शहराचं नाव पुढं बदललं, पण मी सांगतेय ते दिवस औरंगाबादचे आहेत. आबा दर आठवड्याला शेतावर जात आणि येताना जीपमध्ये ज्वारी, कांदे, तुरीची डाळ आणि आमच्या विहिरीच्या पाण्याचे कॅन घालून आणत. घरात नळ होता, नळाला जायकवाडीचं पाणी येत होतं, सगळी गल्ली ते पीत होती आणि कुणी मेलं नव्हतं. पण आबांना ते पटत नसे.

"साठवलेलं पाणी मेलेलं असतंय," ते म्हणत. "जित्तं पाणी म्हंजे खडक फोडून वर येतंय ते."

म्हणून घरात नियम होता की अंगाला नळ आणि पोटाला विहीर. अंघोळ, धुणं, भांडी नळावर. पिणं आणि स्वयंपाक कॅनमधल्या पाण्यात. जीपचा रेडिएटर आबांनी पोटात धरला होता.

ही जीप छावणीतल्या कुठल्याशा लिलावातून हात बदलत बदलत आमच्याकडं आली होती. ती पोलीस ॲक्शनच्या वेळी फौजेबरोबर मराठवाड्यात शिरली, असं आबा येईल त्याला सांगत. याला पुरावा काही नव्हता. पुढच्या बंपरवरचा एक पोचा ते गोळीचा म्हणून दाखवत. तो पोचा आमच्याच गोठ्याच्या खांबाचा होता, कारण मला गाडी शिकवताना तो आबांच्या डोळ्यांदेखत पडला होता.

"निजामाला बघून जी तापली नाय," ते म्हणत, "ती आता चढ बघून का तापती?"

कारण ती तापत होती. आधी नुसती उन्हाळ्यात आणि चढावर, मग हिवाळ्यात, मग सपाटीवरसुद्धा. तापमान दाखवणारा काटा आमच्याकडं येण्याआधीच मधोमध थांबलेला होता, त्यामुळं गाडी तापली हे आम्हाला वासावरून कळायचं. मग बॉनेटच्या फटीतून वाफ यायची, आबा गाडी बाजूला घ्यायचे, ओलं पोतं हातावर गुंडाळून रेडिएटरचं झाकण जपून सोडायचे आणि फुस्स करून तांबडं पाणी वर उसळायचं. इंजिन निवेपर्यंत आम्ही बाभळीखाली बसायचं. मग कॅनमधलं विहिरीचं पाणी तिला पाजायचं आणि पुढं निघायचं. आमच्या घरात दशमीची शिदोरी निघताना नव्हे, गाडी तापल्यावर खायची, अशी वेळच ठरून गेली होती.

मोंढ्याजवळ एक मिस्त्री होते. आबा त्यांच्याखेरीज कुणाला बॉनेट उघडू देत नसत. मिस्त्रींना स्वतःच्या हुशारीबद्दल शंका नव्हती आणि बोलण्याची हौस दांडगी होती. पहिल्याच दिवशी त्यांनी आबांना विचारलं, "आबा, पानी कौनसा डालते इसमें?"

"एक नंबर!" आबा म्हणाले. "घरी पितो तेच."

"फिर ठीक है," मिस्त्री म्हणाले, आणि योग्य प्रश्नाला असं चुकीचं उत्तर मिळाल्यामुळं पुढचं वर्षभर ते गाडीचा एकेक अवयव तपासत बसले.

आधी त्यांनी पंख्याचा पट्टा ताणला. मग रेडिएटरचं झाकण बदललं, कारण दाब धरत नाही. मग रेडिएटरची जाळी धुतली. त्यात वैजापूरच्या मोंढ्यातला कापूस आणि अर्ध्या तालुक्यातले चतुर अडकलेले निघाले, आणि पंधरा दिवस गाडी खरंच बरी चालली. मग पुन्हा वाफ. मग त्यांनी थर्मोस्टॅट काढून फेकून दिला आणि सांगितलं की ते थंड मुलखातल्या लोकांचं यंत्र आहे, आपल्याकडं कायकू पाहिजे. मग पाण्याचा पंप उघडला आणि मिटला. दर वेळी ते हात पुसत म्हणत, "अब नै तपती, आबा. ये मेरी जबान है." ती जबान साधारण दौलताबादपर्यंत टिकायची.

आता विहिरीचं सांगायला हवं, कारण त्याशिवाय आबांचं वागणं वेडेपणाचं वाटेल. ते वेडेपणाचंच होतं, पण त्याला इतिहास होता.

आबांच्या लग्नाआधी आमच्या शेतात पाणी नव्हतं. सगळं घर गावातल्या चावडीजवळच्या आडाचं पाणी वापरायचं. आबांनी विहीर खणायला घेतली होती, पण खडक लागला होता आणि गाव हसत होतं. आई लग्न होऊन आली आणि त्याच उन्हाळ्यात सुरुंगाच्या एका दणक्यासरशी खडक फुटून पाणी लागलं. सगळे म्हणाले, सुनेचा पायगुण. आजीनं आईची अलाबला घेतली आणि चुलीचा ताबा तिच्याकडं दिला. नव्या विहिरीच्या पाण्यात नव्या सुनेनं पहिलं वरण शिजत टाकलं.

ते शिजलं नाही.

डाळीचे दाणे पाण्यात वेगळे, पाणी वर वेगळं. आईनं पुन्हा लाकडं सारली, पुन्हा आधण घातलं. दुपार झाली तरी डाळ डाळच राहिली. दुसऱ्या दिवशी तेच आणि त्यानंतरही तेच. सगळे म्हणाले, पायगुण चांगला, पण हातगुण नाही. तिच्या हाताला डाळ शिजत नाही. आजीच्या हाताला कशी लोण्यासारखी शिजायची! आजी आडाच्या पाण्यात शिजवायची, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही, कारण सून आणि विहीर घरात एकाच वर्षी आल्या होत्या. त्यातल्या विहिरीला दोष देण्याची कुणाची छाती नव्हती.

आईची होती. तिनं एकदा, नवी नवरी असताना, हळूच म्हणून पाहिलं होतं की पाणीच तसं असेल. आजी म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं." आजी गेली आणि ही म्हण आबांना वारशानं मिळाली. जेवताना वरणाची वाटी पुढं आली की ते ती बोटानं सरकवत, "राहू दे, भाकरीसंगं ठेचाच बरा," आणि लहर असेल तर पाठोपाठ म्हण. भांडी त्या दिवशी जरा जोरात घासली जात.

तिनं काय काय केलं होतं! डाळ रात्रभर भिजवली, खायचा सोडा घातला, तेलाचा थेंब सोडला, कुणी सांगितलं म्हणून नारळाच्या करवंटीचा तुकडाही घातला. शहरात आल्यावर कुकर आला. शेजारच्या काकूंच्या कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या आणि त्या गॅस बंद करून देवळात जायच्या. आमच्या कुकरच्या शिट्ट्या मोजायचं आम्ही सोडून दिलं होतं. माहेरी गेल्यावर तिला कुणी चुलीपुढं बसू देत नसे, त्यामुळं तिथंही खरं-खोटं व्हायची सोय नव्हती. हळूहळू तिनंच मानून टाकलं होतं की आपला हात तसाच आहे. बाकीचा स्वयंपाक ती असा करायची की बोटं चाटावीत, पण कौतुक करणारा माणूस शेवटी म्हणायचाच, "तेवढं वरण सोडलं तर..."

त्या वर्षी भावाचं लग्न ठरलं. मुलगी सोयगावची, घरचं चांगलं, दोन्हीकडून पसंती. लग्नाआधी व्याह्यांनी आमचं शहरातलं घर पाहायला यायचं आणि जेवून जायचं, असं बोलणं झालं. त्याच संध्याकाळी आबा ओट्यावर बसून म्हणाले, "आचारी सांगून ठिवला."

आई गहू निवडत होती. तिचा हात थांबला. "कशाला?"

"आवं, पाव्हण्यांसमोर वरण... उगी हसं नको."

आई उठून आत गेली. मी मागोमाग गेले. ती पिठाच्या डब्याला टेकून उभी होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसता संताप होता. "एकुलता एक ल्योक माझा," ती म्हणाली. "त्याच्या सासरची माणसं माझ्या घरात येणार आन् त्यायला वाढणार परका बाप्या. पंगतीत सगळ्यायला कळंल की या घरातल्या बाईला शिजवता येत नाय." मला इतका राग आला की मी बाहेर जाऊन आबांना ते सुनावलं. आबा म्हणाले, "तू शिकून लई शानी झालीस," आणि जीप धुवायला निघून गेले.

व्याह्यांना आणायला आबा जीपच नेणार होते. एसटीनं येऊ द्या असं भावानं सुचवून पाहिलं, पण मुलाकडच्यांची गाडी दारात उभी राहायला हवी होती. आधी एकदा रंगीत तालीम म्हणून, आणि सोयगावला साड्यांचा निरोप द्यायचा होता म्हणून, आबा, भाऊ आणि मी जीप घेऊन निघालो. मागं पाण्याचे कॅन इतके होते की मला पाय ठेवायला जागा नव्हती.

जाताना चौक्याच्या घाटात एकदा तापली. ते अपेक्षितच होतं. सिल्लोडच्या अलीकडं पुन्हा तापली. अजिंठ्याचा घाट उताराचा होता म्हणून बाईसाहेब गार राहिल्या आणि आम्ही सोयगावात ऐटीत शिरलो. पण येताना तोच घाट चढायचा होता, आणि घात असा झाला की व्याही म्हणाले, "सिल्लोडला काम हाय माझं, येऊ का संगं?"

नाही कसं म्हणणार? ते पुढं बसले. घाटाच्या दुसऱ्याच वळणावर वास आला. आबांनी न आल्यासारखं केलं. तिसऱ्या वळणावर वाफ इतकी झाली की समोरचा रस्ता दिसेना आणि मग न आल्यासारखं करणं अवघड होतं. गाडी कड्याला लावली. व्याह्यांनी खाली उतरून चाकामागं दगड लावला, न सांगता. त्यावरून माणूस चांगला आहे हे मी ओळखलं.

"जरा तापट हाय," आबा जीपकडं बघत म्हणाले. "पण पाणी पाजलं की शांत." आणि विषय बदलायला म्हणून त्यांनी कॅनमधलं पाणी फुलपात्रात ओतून व्याह्यांच्या पुढं केलं. "घ्या पाव्हणं. आमच्या हिरीचं. खडक फोडून काढलंय."

व्याह्यांनी घोट घेतला. तो त्यांनी तोंडात जरा फिरवला आणि सरळ मनानं म्हणाले, "मचूळ लागतंय वो जरा."

घाटात माकडंसुद्धा गप्प झाली असं मला वाटलं. त्या विहिरीला उभ्या आयुष्यात आबांच्या तोंडावर कुणी नाव ठेवलं नव्हतं. भाऊ घाईघाईनं कड्यावरची झाडं बघू लागला. त्याचं लग्न होतं. आबांनी फुलपात्र परत घेतलं, स्वतः घटाघटा प्यायले आणि म्हणाले, "उन्हानं तोंड आलं असंल तुमचं."

व्याही सिल्लोडला उतरून गेल्यावर औरंगाबाद येईपर्यंत आबा स्वतःशीच बोलत होते. "खानदेशाच्या शेजारची माणसं. केळी खाऊन खाऊन जिभा गोडमिट्ट झाल्यात. ह्यायला पाण्याची चव काय कळणार?" चौक्याच्या घाटात ते उताराला लागले तरी हेच चालू होतं. घराच्या कोपऱ्यावर मात्र जीपनं शेवटचा उसासा टाकला आणि आम्ही तिला ढकलत अंगणात आणली.

रविवारी मिस्त्री स्वतः घरी आले, कारण गाडी त्यांच्यापर्यंत जाणार नव्हती. या वेळी त्यांनी हत्यारांना हात लावण्याआधी इंजिन थोडं चालवलं, बंद केलं आणि रेडिएटरवरून तळहात फिरवला. "बेटी, इधर हाथ लगा के देख," ते मला म्हणाले. वरच्या बाजूला चटका बसत होता. खाली मधल्या भागात हात लावला तर गार. "गरम पानी नीचे उतरताइच नै," मिस्त्री म्हणाले. मग इंजिन निवू देऊन त्यांनी वरचा-खालचा रबरी पाइप सोडवला, बागेची नळी वरून लावली आणि नळ सोडला. खालच्या तोंडातून धार यायला हवी होती. तिथून करंगळीएवढी चिरचिर आली आणि बाकीचं सगळं पाणी वरून उसळून मिस्त्रींच्या सदऱ्यावर गेलं.

त्यांनी वरच्या तोंडातून तार घातली, खरवडली आणि बाहेर काढून हातावर झाडली. पांढऱ्या टणक खपल्या पडल्या.

नेमकी त्याच वेळी आई चहा घेऊन बाहेर आली. तिनं मिस्त्रींच्या हातातली खपली उचलली, नखानं कुरतडली आणि म्हणाली, "ही हितं कशी आली?"

"तुला काय कळतंय त्यातलं?" आबा म्हणाले.

"मला कळंना तर कुणाला? ही माझ्या पातेल्यातली हाय." ती आत गेली आणि पाणी उकळायचं पितळी पातेलं घेऊन आली. तळाशी तसाच पांढरा थर होता. "दर म्हयन्याला घासती मी ही. पाणी उकळलं की धरतीयाच. समद्यांच्याच घरी धरत असंल."

"नै माँ," मिस्त्री म्हणाले. "नल के पानी से इत्ता नै जमता." मग त्यांनी आबांकडं पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू वर्षभराचा अपमान उजळला. "आबा, मैं पैले दिन पूछा था. पानी कौनसा डालते. आप बोले एक नंबर."

"मंग? हायच एक नंबर!"

"खारा है आबा. भारी पानी है. उबलता, जमता, उबलता, जमता. पूरी नली बंद." भारी म्हणजे जड, क्षारांचं, हे मला कॉलेजातल्या पुस्तकामुळं कळलं.

"माझ्या हिरीला नाव ठिवतो?"

"हिर कू नै बोलरा मैं. पानी कू बोलरा."

हा फरक आबांना पटण्यासारखा नव्हता. ते तावातावानं बोलू लागले. सोयगावचा पाव्हणा आणि मोंढ्याचा मिस्त्री एकमेकांना सामील आहेत, दोघांना नगरपालिकेनं फितवलंय, असा काहीसा आरोप होता. पण माझं लक्ष आईकडं होतं. पातेलं हातात धरून ती उभी होती आणि तिच्या कपाळाला आठी पडली होती. भाजीवाल्याचा हिशेब चुकला की पडायची, तशी. "नळाच्या पाण्यानं असं धरत नाय?" तिनं मिस्त्रींना पुन्हा विचारलं. ते नै म्हणाले.

मिस्त्रींचं म्हणणं पडलं की रेडिएटर गेला. या जीपचा नवा मिळणार नाही, भंगारात शोधावा लागेल, आणि त्यात आठवडे जातील. व्याह्यांचं जेवण पुढच्याच आठवड्यात होतं. आबा ओट्यावर मटकन बसले.

"पातेल्याला मी चिच लावती," आई म्हणाली. "रातभर चिचंत भिजत घातलं की सुटतीया खपली."

मिस्त्री विचारात पडले. "तेजाब से निकलता," ते म्हणाले, "लेकिन तेजाब इसकू खा जाता. इमली..." त्यांनी मान हलवली. "हौ. इमली चलेगी. लेकिन छान के डालो माँ, नै तो गुठली से बंद हो जाएगा."

मग जे झालं ते आमच्या गल्लीत अजून सांगतात. आईनं लोणच्याच्या बरणीतली वर्षाची चिंच काढली, घंगाळात कोळली, जुन्या धोतराच्या फडक्यातून दोनदा गाळली आणि तो कोळ पातळ करून तांब्यातांब्यानं रेडिएटरमध्ये ओतला. मिस्त्रींनी पाइप जोडून इंजिन चालू केलं. थोड्याच वेळात अंगणभर असा आंबट खमंग वास सुटला की शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावून म्हणाल्या, "कुणाकडं कार्य आहे का हो?" आई म्हणाली, "नाय, जीपला सार करतीय." इंजिन थोडं चालवायचं, निवू द्यायचं, पुन्हा चालवायचं. कोळ सोडला तेव्हा नालीत तपकिरी पाणी आणि पांढरा चुरा वाहत गेला. पुन्हा नवा कोळ. दुसऱ्या दिवशीही तेच. आबा लांबून बघत होते. आपल्या विहिरीला सगळ्यांसमोर नालीत वाहताना बघणं त्यांना जड जात असावं, आणि खरं सांगते, तेव्हा मला त्यांची दया आली.

शेवटी नळाच्या पाण्यानं वारंवार धुऊन मिस्त्रींनी पुन्हा नळी लावली. खालच्या तोंडातून मनगटाएवढी धार सुटली.

"अब क्या डालूं?" मिस्त्रींनी आबांना विचारलं. त्यांनी मुद्दामच विचारलं.

आबा आभाळाकडं बघत म्हणाले, "टाका काय टाकायचं ते."

रेडिएटरमध्ये नळाचं पाणी गेलं. चौक्याच्या घाटापर्यंत जाऊन बघायचं ठरलं. आई म्हणाली, मी पण येते, आणि कुणाला न विचारता पुढं बसली. ती त्या गाडीत पहिल्यांदाच पुढं बसत होती. मी आणि मिस्त्री मागं. आबांनी एका दमात घाट पार केला आणि वर गाडी थांबवली. सगळे खाली उतरून वास घेऊ लागलो. काही नाही. मिस्त्रींनी बॉनेटवर हात ठेवला आणि ठेवलेलाच राहू दिला.

"झालं ना?" आई म्हणाली. "चला मंग. मला घरी जाऊन डाळ टाकायचीय."

घरी येताच तिनं तुरीची डाळ सारखी वाटून दोन पातेल्यांत घेतली. कुकर नाही, सोडा नाही. एकात कॅनमधलं पाणी घातलं, दुसऱ्यात नळाचं. दोन्ही शेगड्या पेटवल्या आणि समोर पाट मांडून बसली. मी जवळ गेले तर म्हणाली, "तू हात लावू नको. नाय तर म्हणतील पोरीनं शिजवली."

नळाच्या पातेल्यातली डाळ फुलली, उकलली आणि पळी फिरवताच विरघळली. दुसऱ्या पातेल्यात दाणे पाण्यात गोल गोल फिरत होते, जसे माझ्या जन्माआधीपासून फिरत आले होते. आईनं गॅस बंद केला. तिनं पळी खाली ठेवली आणि मग ती रडली. आनंदानं नाही. "माझा हात," ती म्हणाली, "माझा हात चांगला होता गं." मी तिचा तो हात धरून बसले, आणि आबांचा आणि विहिरीचा आणि मेलेल्या आजीचासुद्धा मला राग राग आला.

मग तिनं डोळे पुसले, दोन वाट्या भरल्या आणि आबांच्या पुढं नेऊन ठेवल्या. "ह्यो नळ," ती म्हणाली. "ही हीर. हात एकच हाय."

आबांनी एका वाटीतला घास घेतला. मग दुसऱ्या वाटीतला. मग पुन्हा पहिल्या. ते उठले, चपला घातल्या आणि बाहेर गेले. आम्हाला वाटलं रागावून गेले. परत आले तेव्हा म्हणाले, "आचाऱ्याला नको म्हणून आलो." आणि आईकडं न बघता पाण्याचे कॅन उचलून भांडी घासायच्या जागी नेऊन ठेवले.

व्याही जीपमधून आले. घाटात गाडी थांबली नाही याचं त्यांना इतकं आश्चर्य वाटलं की दगड लावायला म्हणून ते दोनदा उठून बसले होते, असं भावानं सांगितलं. पंगत ओट्यावर बसली. आईनं पुरणपोळी केली होती, कटाची आमटी केली होती, पण वाढताना तिनं सगळ्यात आधी भातावर वरण घातलं.

व्याह्यांनी पहिला घास घेतला. "वा!" ते म्हणाले. "वरण म्हंजे वरण हाय हे."

आईनं आबांकडं पाहिलं. आम्ही सगळ्यांनीच पाहिलं. आबांचा घास हातात होता. तो त्यांनी ताटात परत ठेवला.

"पाव्हणं," ते म्हणाले, "हिच्या हाताला कधीच काय दोष नव्हता. आमचं अंगणच वाकडं होतं."

व्याही चांगला माणूस. ते मान वळवून अंगणाकडं बघू लागले. फरशी पाहिली, भिंत पाहिली, उभी असलेली जीप पाहिली, आणि आबांना धीर द्यावा म्हणून म्हणाले, "नाय वो. चांगलं सरळ हाय की."

आई हसली. तोंडाला पदर लावूनही तिला हसू आवरेना, पळीतलं वरण सांडलं, ती खांबाला टेकली आणि हसत राहिली. ती इतकी मोठ्यानं हसते हे मला माहीत नव्हतं. व्याही गोंधळून पुन्हा अंगण बघू लागले. आबांनी खाली मान घालून वरणाची वाटी पुढं केली.